सुईच्या टोकावरची गादी

सकलशय्याशास्त्रपारंगत भावोजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचे सविनय वंदन.

आपले गुडघे, आपला रक्तदाब आणि कन्येशी धरलेला आपला अबोला, ही त्रयी कशी आहे? (पहिल्या दोहोंस आराम पडो, तिसऱ्याविषयी शेवटी लिहितो.) गाद्यांचा कारखाना सोडून ती प्रयोगशाळेत करते तरी काय, ही आपली पृच्छा ताईमार्फत पोहोचली, म्हणून हा स्थूलदेह काल स्वतःच तेथे जाऊन थडकला.

एका खोलीत हादरे लागू नयेत म्हणून हवेच्या उशांवर तरंगते टेबल आहे, त्यावर इवलेसे यंत्र, आणि यंत्रात डोळ्यांना न दिसणारी एक सुई अखंड थरथरत असते. ती पदार्थाला अलगद टेकली की थरथर पालटते. मऊ पदार्थावर एक तऱ्हा, कठीणावर दुसरी. त्या पालटावरून आपली कन्या केसाच्या सहस्रांशाएवढ्या जागेचा मऊपणा सांगते. आपण गादीवर तळवा दाबून, डोळे मिटून 'कापूस जुना आहे' असा निकाल देता, तीच ही विद्या, भावोजी. तळव्याच्या जागी सुई आली, इतकेच. मी थक्क झालो. (थक्क होताना खुर्ची किंचित मागे सरकली आणि सुईची थरथर रेखाटणाऱ्या पडद्यावरच्या सपाट मैदानात अकस्मात पर्वत उगवला. क्षमायाचनेसाठी घसा खाकरला, तर दुसरा.) सकाळपासूनचे मोजमाप मातीत गेले. भाची शांतपणे म्हणाली, "मामा, तू फार गोड आहेस, पण बाहेर बस." आणि कपाळावर आठी न आणता तिने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. हा संयम आमच्या घराण्यातला खचित नव्हे, ताईला विचारा.

आपला,
(खोलीबाहेर बसवलेला) मेहुणा

ता. क. आपणही एकदा तेथे जावे. त्या खोलीत अवाक्षर काढता येत नाही, आणि आपण तिच्याशी तसेही बोलत नाही. इतका सुयोग्य पाहुणा त्या संस्थेस लाभणे नाही.

पुन्हा ता. क. मला बसवले तेथे एक पंप गुरगुरत होता. त्याचा हादरा सुईपर्यंत जाऊ नये म्हणून नाना महागडी रबरे लावून झाली. अखेर तिने स्वतःच्या पलंगावरची, आपल्या कारखान्यातली गादी आणून त्याखाली घातली. (स्वतः चटईवर निजते.) आता गादी एका कोपऱ्यात दबून चपटी झाली आहे, पडद्यावर टेकड्या उगवू लागल्या आहेत, आणि कापूस कुठे किती भरावा हे त्या यंत्रालाही सांगता येत नाही. निघताना तिने हळूच विचारले, "बाबा हात लावून बघतील का?" विचारतो म्हणालो.

विचारले.