अळणी माणसाचा कॅन

४ मार्च

झालं! कारखान्याच्या तपासणीत माझं बीपी चढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, वेफर्स चाखते. त्यांनी पेनच खाली ठेवलं!

प्रत्येक खेपेचं मीठ माझ्या जिभेवर ठरतं. मध्ये यंत्र आणलं होतं — माझ्यापुढे हरलं. आता म्हणे चाखायचं आणि थुंकायचं. महिनाअखेर दिवसभराची लघवी कॅनमध्ये जमवून द्यायची, पोटात किती मीठ गेलं ते त्यात कळतं. जास्त निघालं तर खोकी चिकटवायला पाठवणार. मला! खोकी!

५ मार्च

बाईंनी समजावलेलं लिहून ठेवते. किडन्या दोन, मुठीएवढ्या. दिवसभर रक्त गाळतात. मीठ जास्त झालं की अंगात पाणी साठतं, रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो — तेच बीपी. मग जास्तीचं मीठ-पाणी किडन्यांनी बाहेर काढायचं. आणि पाणी कमी पडलं, की त्याच दोघी ते धरून ठेवतात, वर रक्तवाहिन्या आवळायचा निरोप धाडतात. म्हणजे माझ्या सासूबाईच की! काय टाकायचं, काय ठेवायचं, सगळं त्या ठरवणार.

ह्यांनी जाहीर केलं, "तुला अळणी तर मलाही अळणी." आणि खरंच मीठ सोडलं! जेवताना चेहरा कागद चावल्यासारखा, पण तक्रार नाही. गहिवरून आलं मला.

११ मार्च

थुंकून कुठे चव कळते? खरी चव घशात! थोडे गिळले.

थोडे नाही.

१७ मार्च

ह्यांना बूट होईनात! जन्म गेला चपलांच्या दुकानात, गिऱ्हाइकाचं माप नुसत्या नजरेने सांगतात, आणि आज स्वतःचा पाय कोंबताना घामाघूम. संध्याकाळी मोजे काढले तर घोट्यावर ही खोल खाच. म्हटलं, "अळणी खाऊन फुगणारे तुम्ही पहिलेच!" दोघं पोट धरून हसलो. दुकानातून एक नंबर मोठे आणणार म्हणाले.

२८ मार्च

उद्या कॅन भरायचा. मेले! कालच नव्या मसाल्याच्या खेपा होत्या, सगळ्या पोटात.

शेवटी ह्यांनाच गाठलं. "अहो, एक मागू?" "माग की." मागितलं. पाणी पीत होते, ते नाकातून आलं! "अगं, लोकांच्या बायका दागिने मागतात!"

पण नाही म्हणाले नाहीत. कधीच म्हणत नाहीत.

२९ मार्च

हे सुट्टी टाकून घरी. कॅन न्हाणीघरात, मी दाराशी पहाऱ्याला. आतून ओरडले, "अगं, फेस बघ केवढा! आठवडाभर असाच येतोय." म्हटलं, साबण सांडला असेल, नीट धरा! दुपारी शेजारीण टपकली. घाईघाईत कॅन ओट्याखाली लपवला, तर तिची नजर नेमकी तिथेच. "सरबत केलंस वाटतं?" हे जे स्वयंपाकघरातून पळाले!

३० मार्च

कॅन पोचवला. हे म्हणतात, "माझ्या कष्टांचं चीज होऊ दे."

३ एप्रिल

मीठ अगदी कमी. मी उडीच मारणार होते. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "लघवीतून प्रथिनं जाताहेत. खूप. किडनीची गाळणी खराब होतेय. मीठही कमी खाल्लंत म्हणून कमी आहे, की अंगातच अडकतंय, बघावं लागेल. पाय सुजतात का? फेस येतो?"

"छे हो, मला कुठे —" म्हटलं, आणि तशीच दाराकडे वळले.

हे बाहेर बाकावर, नवे मोठे बूट घालून. दारातून डोकावून हळूच विचारलं, "वाचलीस ना?"

हात धरून आत आणलं. म्हटलं, "बाई, मला खुशाल खोकी चिकटवायला पाठवा. कॅन ह्यांचा आहे. आधी ह्यांना बघा."