ऑल्डर स्ट्रीटचा वॉर्ड

६ ऑक्टोबर
पोचले एकदाची. नेवार्क विमानतळावर मला घ्यायला कादंबरी आली होती, हातात माझ्या नावाची पाटी घेऊन, त्यावर मुद्दाम 'मॅडम रेणू वासनिक, नागपूरवाल्या' असं लिहून. पुण्यात चार वर्षं एका खोलीत राहिलो आम्ही, त्यानंतर आज सहा वर्षांनी भेटलो. ती गाडी चालवताना तशीच बडबडते.

हे शहर हॅव्हरमिल. नदीच्या पलीकडे मॅनहॅटन दिसतं. घर ऑल्डर स्ट्रीटवर, २१४ नंबर, तिसरा मजला. लाकडी जिना, समोर लालबुंद झालेली झाडं. कादंबरी जवळच्या रिहॅब सेंटरमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, साडेतीनला घरी येते. तिनं भरली वांगी केली होती. मी आणलेला सावजी मसाला बघून म्हणाली, "आता माझ्या नाशिकच्या पोटाचं काही खरं नाही." दोघी इतक्या हसलो की खालच्या भाडेकरूनं छताला ठोकलं.

९ ऑक्टोबर
आजपासून काम सुरू. माझ्या कंपनीनं मला सिटी हॉलला क्लायंट साइटवर पाठवलंय. शहराच्या वॉर्डांचा नवा नकाशा करायचाय. जनगणनेनंतर कोर्टात अडकून पडला होता, तो आता मोकळा झाला. कुठलं घर कुठल्या वॉर्डात, याची एकेक घराची यादी मीच बनवणार. गंमत म्हणजे कायद्यात चित्राला काही किंमत नाही, यादीत जे लिहिलं तेच खरं.

हे काम मिळालं ते शोभाकाकूंमुळे. शोभा करंदीकर, इथल्या नगरसेविका, मूळच्या ठाण्याच्या. महाराष्ट्र मंडळात सगळे त्यांना काकूच म्हणतात. त्यांनी मला टेबलापर्यंत नेऊन बसवलं, घरून आणलेली कॉफी पाजली, आणि यजमानांना, जगन्नाथकाकांना, गुडघ्याचा त्रास आहे तर तुझ्या मैत्रिणीला एकदा घरी घेऊन ये म्हणाल्या.

१७ ऑक्टोबर
इथे दोन गट आहेत. टेकडीवाले म्हणजे जुन्या दगडी घरांतले, त्यांचा पुढारी मिस्टर थेल. नदीवाले म्हणजे काठावरच्या काचेच्या टॉवरमधले, त्यांच्या मिस ओडेल. दोघंही निवडून आलेले नाहीत, पण नऊ नगरसेवकांतले पाच टेकडीचे आणि चार नदीचे, हे सिटी हॉलचा शिपाईही सांगतो. शोभाकाकू नदीच्या.

दोघंही नकाशा बघून गेले. वेगवेगळे आले, दिवे लागल्यावर. थेल जुन्या वळणाचे, टोपी काढून बोलणारे. मिस ओडेल चाळिशीच्या वाटतात, हातात राखाडी मोजे. त्यांनी स्क्रीनवरच्या रेषेवरून बोट असं फिरवलं, जसं कुणी साडीच्या काठावरून फिरवतं. माझ्या गळ्यातली निळ्या दोऱ्यातली बुद्धाची प्रतिमा त्यांनी निरखून बघितली आणि सुंदर आहे म्हणाल्या. मला बरं वाटलं.

२९ ऑक्टोबर
आज एक बदल करायला सांगितला. टेकडी आणि नदी यांची काहीतरी तडजोड झालीय. टेकडीला एक शाळा मिळाली, बदल्यात एक रस्ता नदीकडे गेला. तो रस्ता आमचाच, ऑल्डर स्ट्रीट. एवढा एक बदल लगेच १ नोव्हेंबरपासून लागू, बाकीचा नकाशा १ जानेवारीपासून. शोभाकाकू शेजारी उभ्या होत्या. मी हसत म्हटलं, काकू, म्हणजे आता तुम्ही आमच्या नगरसेविका. त्या हसल्या नाहीत.

चार क्लिक. घरी येऊन कादंबरीला सांगितलं की मी तुझा वॉर्ड बदलला. ती म्हणाली, "कचऱ्याची गाडी वेळेवर येणार असेल तर कर बाई."

१३ नोव्हेंबर
कादंबरी दोन दिवस कामावर गेली नाही. थकवा आहे म्हणते. ओठ पांढरे पडलेत. संध्याकाळी हीटिंग तपासायला कुणी बाई येते म्हणाली, फार गोड बोलते. पुढचं तिला आठवत नाही.

१६ नोव्हेंबर
साडेपाचला घरी आले. बाहेर अंधार पडला होता. जिन्यात मिस ओडेल भेटल्या, वरून खाली येत होत्या, हातमोजे चढवत. मला नावानं हाक मारली. म्हणाल्या, तुझा नकाशा फार छान झालाय.

मी वर पळाले. कादंबरी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, डावी बाही कोपरापर्यंत वर. गॅसवरचा चहा आटून काळा झाला होता. तिला उचललं तर लहान मुलीसारखी हलकी.

१९ नोव्हेंबर
कादंबरी गेली. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. डॉक्टर म्हणाले शरीरात रक्तच उरलं नव्हतं, आणि ते कुठे गेलं हे त्यांना सांगता येत नाही. कोपराच्या आत दोन ठिपके होते. मी दाखवले. त्यांनी बघितले आणि चादर ओढली. त्यांच्याही मनगटावर तसलेच दोन, जुने, पांढरे पडलेले.

तिचे बाबा फोनवर शांत होते. एवढंच विचारलं, तिला तिथे कुणाचा त्रास होता का. मी नाही म्हटलं.

२ डिसेंबर
तिचा भाऊ अतुल अस्थी घेऊन काल परत गेला. मी कामावर गेले. माझं काम थांबावं असं तिथे कुणालाच वाटत नव्हतं.

माझ्या यादीला मी शहराच्या मृत्यूंची नोंद जोडून बघितली. एक नोव्हेंबरपासून ऑल्डर स्ट्रीटवर सात. त्याआधीच्या वर्षभरात एक. मागच्या वेळी नकाशा बदलला तेव्हाही, दुसऱ्या रस्त्यावर, हेच.

यादी घेऊन शोभाकाकूंकडे गेले. त्यांनी केबिनचं दार लावलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

९ डिसेंबर
आज त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या बोलण्यात तो शब्द आला नाही, मी लिहिते: व्हॅम्पायर. टेकडीवाले तीन पिढ्यांपासून, नदीवाले नंतर आलेले. बोलावल्याशिवाय त्यांना कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नाही. पूर्वी दारोदार जाऊन घरातल्या माणसाकडून बोलावणं मिळवावं लागे. मग वॉर्ड आले. आता निवडून आलेला माणूस आपल्या सगळ्या वॉर्डाच्या वतीनं एकदाच सही करतो. तेच बोलावणं. ज्या गटाचा नगरसेवक, त्या गटाचा वॉर्ड. त्यांची स्वतःची घरंसुद्धा याच सहीवर उघडी राहतात, कारण त्या घरांत जिवंत माणूस कुणी राहत नाही. सही करणाऱ्याचं घर तेवढं यादीत वेगळ्या खुणेनं लिहिलेलं, तिथे कुणी जायचं नाही.

मी विचारलं, तुम्ही सही केलीत? त्या म्हणाल्या, "मी कादंबरीचं नाव नाही दिलं गं. मी फक्त रस्ता दिला."

वर म्हणाल्या, नऊच्या नऊ जणांनी केलीय. आपण नाही केली तर दुसरा कुणीतरी करतो. निदान मंडळातली घरं मी वाचवते.

मी मान हलवली. डोळे पुसले. त्यांना वाटलं मला पटलं.

१५ डिसेंबर
मला सगळे हवेत. ओडेल तर हवीच. पण तो टोपी काढून बोलणाराही हवा, ज्यानं एका शाळेच्या बदल्यात आमचा रस्ता दिला. सावकाश, नीट हवेत. आईशी फोनवर बोलताना मी जेवले का, थंडी किती, सगळं नीट सांगितलं. आवाज बदलला नाही माझा.

२० डिसेंबर
यादी मंजूर झाली. नऊही जणांनी चित्र बघून हात वर केले. चित्र बरोबर आहे.

यादी बरोबर नाही. टेकडीवरची एकोणीस घरं, काठावरचे दोन टॉवर, यांच्यापुढे वॉर्डाचा रकाना मी रिकामा ठेवलाय. कुठलाच वॉर्ड नाही, म्हणजे कुणाचीच सही नाही. आमचं घरही तसंच रिकामं. आणि शोभाकाकूंच्या घरापुढची ती खूण काढून टाकलीय.

१ जानेवारीला सकाळी सहापासून लागू.

२६ डिसेंबर
३१ तारखेला दोन्ही गटांची एकत्र पार्टी आहे, जुन्या ऑपेरा हाउसमध्ये, यंदा तडजोड साजरी करायला. दरवर्षी पहाटेपर्यंत चालते आणि उजाडायच्या आत सगळे घरी परततात. मलाही आमंत्रण आलं. तब्येत बरी नाही म्हणून कळवलं.

१ जानेवारी, सकाळी ९
बघून आले.

साडेसहाला नदीकाठच्या बाकावर जाऊन बसले. कादंबरीचं जाड जॅकेट घातलं होतं. सात वाजून दहा मिनिटांनी गाड्या आल्या. चौदा जण उतरले, हसत, रेशमी कपड्यांत. ओडेल पुढे. ती टॉवरच्या फिरत्या दारात शिरली, दार पूर्ण फिरलं आणि तिला परत फुटपाथवर आणून सोडलं. तिला वाटलं चुकून झालं. पुन्हा गेली. पुन्हा बाहेर. मग सगळेच. एकाला काच फोडावीशी वाटली, काच फुटली, पण हात आत जाईना.

आतला वॉचमन त्यांना ओरडून 'या, या' म्हणत होता. तो तिथे राहत नाही, त्याच्या म्हणण्याला किंमत नाही.

गाड्या परत निघून गेल्या होत्या. पूर्वेला मोकळी नदी. पळायला सावली नाही, जवळ दुसरं घरही नाही.

ओडेलनं मला बघितलं तेव्हा सात वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. ती माझ्याकडे चालत आली. मोजे काढले होते, बोटं पांढरीफटक. विचारलं, तुला काय हवंय, बोल. मी म्हटलं, "तिचा चहा गॅसवर होता."

मग सूर्य आला. आवाज फार झाला नाही. ओला कपडा तव्यावर टाकल्यासारखा, तेवढाच. मी डोळे मिटले नाहीत. चौदाही बघितले.

दुपारी १
टेकडीवर अकरा गेले, बातम्यांत आग लागली म्हणतायत. थेल गेला नाही. तो आणि काही जण वेळेत सिटी हॉलच्या तळघरात शिरले. सरकारी इमारत. तिथे बोलावणं लागत नाही.

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बॅग भरतेय. साडेचारची बस आहे.

३.१०
शोभाकाकूंचा फोन. रडत होत्या. म्हणाल्या, "रेणू, माझ्या घराची खूण का गं काढलीस? काका घरी आहेत, त्यांना जिनाही उतरवत नाही."
"कादंबरीही घरीच होती, काकू."
मग म्हणाल्या, मला मीटिंगला बोलावलंय. फोन ठेवला.

३.४०
खाली पोलिसांच्या दोन गाड्या. गॅस लीक आहे म्हणे. बाकीच्या भाडेकरूंना बाहेर काढलं. मी उतरले तर ऑफिसर अदबीनं म्हणाला, मॅडम, तुम्ही वरच थांबा. मागच्या दारालाही एक. त्याची कॉलर वर केलेली.

४.०५
कौन्सिलची तातडीची सभा, लाइव्ह दाखवतायत. नऊही हजर. विषय एकच, यादीतली दुरुस्ती. वाटलं मी गाळलेली त्यांची घरं परत यादीत घेतील. ती नाहीत आज. आज फक्त— ऑल्डर स्ट्रीट, २१४, तिसरा मजला. कुठल्या वॉर्डात, तर दोन्ही. टेकडीच्या एका आणि नदीच्या एका, दोन्ही वॉर्डात. असं आधी कधी झालेलं नाही, महापौर स्वतः म्हणाले. टेकडी आणि नदी एकत्र आली याचा आनंद आहे म्हणाले.

४.२०
नावं पुकारतायत. हो. हो. हो.
खिडकीतून ऊन फक्त समोरच्या छतावर. दार पक्कं आहे, पण दाराचा काय—
हो. हो.

४.३१
आठ झाले. शोभाकाकूंचं नाव दोनदा पुकारलं. त्या कॅमेऱ्याकडे बघतायत. माझ्याकडे. त्यांच्यामागे तळघराचं दार उघडं आहे आणि दारात कुणीतरी टोपी हातात धरून—

नियम आहे, सगळ्यांचं एकमत हवं. एकीनं जरी 'नाही' म्हटलं तरी—

काकू, एक नाही म्हणा.

४.३४
हो म्हणाल्या. स्पष्ट आवाजात. मंडळात सूत्रसंचालन करतात तशा.

छतावरचं ऊन गेलं.

४.५०
गाडीची दारं लागली. पुष्कळ. पोलीस बाजूला झाले. जिना वाजतोय. पहिला मजला. घाई नाही त्यांना.

सगळे दिवे लावलेत मी. कादंबरीचं जॅकेट अंगात आहे. घाबरले आहे. खोटं कशाला लिहू.

दुसरा मजला.

पण पंचवीस गेले. पंचवीस गं. आणि मला वाईट वाटत नाहीये, कादंबरी, एकाचंही नाही, एकाचंही—