सगळ्या बाजूंनी सेफ

३ मार्च, सोमवार
सुपरवायझर महिनाअखेरीस रिटायर होतोय. लाँड्रीत दुसरा विषय नाही. मालकाने उमेदवार ठरवले चार: प्रेसवाला, डाग काढणाऱ्या डागबाई, बॉयलरवाला आणि मी. अकरा जणांनी चिठ्ठ्या टाकायच्या, जास्त मतं त्याची खुर्ची.
मी म्हणजे मोजणी टेबल. अठरा वर्षं हॉटेलांच्या चादरी-टॉवेल मोजून घेतोय आणि मोजून देतोय. लोक टॉवेलाने काय काय पुसतात ते लिहून वही खराब करत नाही. आज उशीच्या अभ्र्यात कवळी निघाली. तीही मोजली.
बायकोने एवढंच विचारलं, सुपरवायझरची वरची केबिन कोरडी असते ना? खोकल्यामुळे डॉक्टरांनी मला वाफेतून आणि ब्लीचच्या वासातून बाहेर पडायला सांगितलंय. तेव्हापासून तिचा जीव त्या केबिनमध्ये अडकलाय.

४ मार्च
शिसारी आली. व्हॅनच्या ड्रायव्हरने आमच्या निवडणुकीवर बेटिंग सुरू केलं. हा माणूस लिफ्ट कधी बंद पडेल यावरही पैसे घेतो. भाव: प्रेसवाला आला तर दुप्पट, डागबाई तिप्पट, बॉयलरवाला पाचपट. आणि मी आलो तर आठपट! म्हणजे माझ्या येण्याची आशा कोणालाच नाही. अठरा वर्षांची ही किंमत.
जुगाराचा मला पहिल्यापासून तिटकारा. संकल्प: व्हॅनकडे फिरकायचं नाही.

५ मार्च, दुपारी १.१०
व्हॅनकडे गेलो. फक्त त्याला चार शब्द सुनावायला.
सुनावता सुनावता एक गोष्ट ध्यानात आली. ही मंडळी एकावर सगळं लावतात, म्हणून तो जुगार. तेच पैसे नीट वाटून लावले तर ते रिस्क मॅनेजमेंट. प्रेसवाल्यावर दीड हजार, डागबाईंवर एक हजार, बॉयलरवाल्यावर सहाशे. तिघांतला कोणीही येवो, हातात तीन हजार. स्वतःवर लावायचं कारणच नाही. मी आलो तर केबिनच मिळते. हरायला जागाच ठेवली नाही!
लावले. ड्रायव्हर माझ्याकडे बघतच राहिला. अक्कल बघायची सवय नसेल.
बोनस लांबलाय असं घरी सांगितलं.

६ मार्च
अभ्रे मोजताना लक्षात आलं: लावले एकतीसशे, कोणीही आला तरी मिळणार तीन हजार. शंभर कमी.
पण हा विम्याचा हप्ता. विम्याचा हप्ता कोणी परत मागतं का?

१० मार्च
पैसे वाटले, मग मत तरी एकाच जागी का अडकवायचं? उद्या कोण डोक्यावर बसेल सांगता येत नाही. म्हणून तिघांनाही एकेकटं गाठून सांगितलं, माझं मत तुम्हालाच.
प्रेसवाल्याने हॉटेलच्या नॅपकिनमध्ये नाक शिंकरलं आणि तोच नॅपकिन घडी करून गठ्ठ्यात ठेवला. असल्या माणसाला मत मागायची लाज वाटत नाही. बॉयलरवाल्याने काजळीच्या हाताने अर्धं बिस्किट दिलं. खावं लागलं. डागबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांचं हे असंच.
कोणालाही शब्द देतात हे लोक, आणि कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवतात. वीट आला.

१५ मार्च
आमच्याकडच्या फाटक्या चादरी बायको घरी शिवते, गठ्ठे ड्रायव्हर आणून टाकतो. तिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. चादर नाकाशी धरून टाके घालते. म्हटलं, नवा चष्मा कर, पैसे साठवलेत ना? म्हणाली, आधी तुमचं होऊ दे.
रात्रभर खोकलो. केबिन मिळायला हवी, हे मात्र खरं.

२१ मार्च, शुक्रवार, सकाळी ११
चिठ्ठी टाकली.
माझं नाव लिहिणारच होतो. पण गठ्ठ्यांवरची लेबलं अठरा वर्षं मीच लिहितोय, माझं अक्षर इथे शेंबडं पोरही ओळखेल. आपल्याच हाताने आपलं नाव? किळसवाणा प्रकार. आणि एका मताने काय आभाळ कोसळतंय? प्रेसवाल्याचं नाव लिहिलं. तो आला तर उपकार लक्षात ठेवील, मी आलो तर प्रश्नच मिटला.
सगळ्या बाजूंनी सेफ.

दुपारी ४.३०
प्रेसवाला पाच. मी चार. बॉयलरवाला दोन. डागबाई शून्य.
पाच आणि चार. पुन्हा मोजलं. अठरा वर्षांत मोजणी चुकलेली नाही, आजही चुकली नाही.

संध्याकाळी ६
डागबाई मोजणी टेबलापाशी आल्या. भांडतील असं वाटलं होतं. हात पुसत म्हणाल्या, "मी तुम्हाला दिलं. तुम्ही मला देताय म्हटल्यावर मी स्वतःला कशाला देऊ? त्या खोकल्याने मरायचे तुम्ही इथे."
मग म्हणाल्या, "शून्य कसं आलं ते तेवढं सांगा."
मोजणी चालू आहे म्हणालो. टेबलावर एकही कपडा नव्हता.

२२ मार्च
ड्रायव्हरने तीन हजार दिले. मी निघालो तर म्हणाला, "भाऊ, वहिनींना सांगा, त्यांचे पाचशे गेले."
कसले पाचशे विचारलं.
"गठ्ठा टाकायला गेलो तेव्हा दिले. सगळे तुमच्यावर. मी म्हटलं, वहिनी, थोडे दुसऱ्यावर पण लावा. तर म्हणाल्या, दुसरं कोण आहे?"
पाचशेचे आठपट चार हजार. चार हजार आणि केबिन. एका चिठ्ठीवर.

रात्री ८
बोनस आला म्हणून तीन हजार तिच्यापुढे ठेवले. चष्मा करून घे म्हणालो. तिने पैसे मोजले नाहीत. मी दिलेले पैसे ती कधीच मोजत नाही.
सुईत दोरा ओवत म्हणाली, "एका मताने गेलं म्हणे. कोण असेल हो तो?"
असतात असले लोक, म्हणालो.
दोरा काही ओवला जाईना. मग सुई-दोरा माझ्या हातात दिला.