जागा सोडणारी

बाबा, खैरलांजीच्या आपल्या बांधावर बसून लिहिते आहे. धानाचं पीक पोटरीवर आलंय. बुजगावणं आता भाऊ करतो, पण तुमच्यासारखं नाही. तुम्ही त्याचा डावा हात वर बांधायचात, कुणाला तरी हाक मारत असल्यासारखा.

ती संध्याकाळ आठवते? तुम्ही मला राखणीला बसवता, रानडुक्कर थेट बांधावर येतं आणि मी धूम पळत घरी. ओसरीवर चार माणसं बसलेली. तुम्ही म्हणता, "काहून वं, पळून आली? तुह्याहून त थे बुजगावनं बरं. जागा त नाही सोडत." सगळे हसतात, तुम्ही सगळ्यांत जास्त. मला अजून राग आहे, बाबा. डुकरानं फाडलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?

तुम्ही गेल्यावर मी जहाजावर गेले. आता मालवाहू जहाजावर अधिकारी आहे, सुरक्षेचं काम माझ्याकडे. चाच्यांच्या पाण्यात शिरण्याआधी कठड्याला काटेरी तार गुंडाळायची, पहारे वाढवायचे, आणि हसू नका, जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून डेकवर बुजगावणी उभी करायची. लांबून बघणाऱ्याला माणसं जागी दिसली पाहिजेत.

यावेळी मात्र पुढे युद्ध होतं. आमच्या पुढे गेलेल्या एका जहाजावर ड्रोन पडला. तरी कंपनीच्या ऑफिसचा निरोप आला, ठरल्या वाटेनंच जा. ड्रोनला बुजगावण्याचं काय? मी कॅप्टनला तोंडावर सांगितलं, मी येणार नाही, आणि खाली जेवत बसलेल्या खलाशांनाही विचारा. नाही म्हणायचा हक्क त्यांनाही आहे. त्या वाटेनं जायला एकानंही हो म्हटलं नाही. कॅप्टननं जहाज वळवलं, आफ्रिकेला वळसा घालून आलो. नंतर त्याच वाटेनं दुसरी जहाजं सुखरूप गेली, त्यामुळे ऑफिसात आता मी भित्री. पुढच्या जहाजाचं बोलावणं आलेलं नाही. न येवो. हौ बाबा, सोडली जागा! पुन्हा वेळ आली तर पुन्हा सोडीन. आमची सगळी माणसं आज आपापल्या घरी जेवताहेत.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? घडी करून ओढणीच्या टोकाला बांधते आहे. एक सांगायचं राहिलं. जहाज वळल्यावर कॅप्टननं बुजगावणी काढायला लावली, त्यातलं एक मी काढू दिलं नाही. त्याचा डावा हात मी वर बांधला होता.