वेशीवरची बाई आणि मुका वीर

आदरणीय गोरक्षनाथ दादा यांस सोनईहून सहादेवचा रामराम.

ज्या टेबलावर हे पत्र लिहितोय ते मी केलंय, एकही खिळा न मारता. जळालेल्या पाण्याच्या मोटारीची तार गुंडाळायचं यंत्र मी केलं, सायकलच्या चेनचाकापासून. कांदा निवडायची चाळण मी केली, डांबराच्या पिंपाचा पत्रा कापून (भोकं बरोबर पंचावन्न मिलिमीटर, बाजारात पंचावन्न सांगून बावन्न देतात). तुमच्या गुडघ्याचा पट्टा मीच शिवलाय, तो शिवण आत ठेवून बांधता ना? शाळा माझी नववी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण दादा, आता जे केलंय ते या सगळ्यांच्या वरचं आहे, आणि त्याच्यापायीच आमची शुभांगी, म्हणजे तुमची बहीण, बारा दिवसांपूर्वी तुमच्याकडे कर्जतला निघून आली. तिची तब्येत बरी असेल. इकडे सगळं ठीक आहे. (भाकरी मला येते. गोल येत नाही.)

तर झालं असं, की पूर्वी एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेला कॉम्प्युटर परत नेलाच नाही. त्यात एक जुना गेम निघाला, सोंग घेऊन खेळायचा. आपण एका वीराचं सोंग घ्यायचं, गावोगाव हिंडायचं, राक्षस मारायचे आणि शेवटी राज्य वाचवायचं. वीस वर्षांत मी तो एकतीस वेळा संपवला. खेळ उत्तम, पण गोष्ट? गोष्ट ज्याने लिहिली त्याने कधी गाव पाहिलेलं नाही! वीर कुणाच्याही घरात पायताणासकट शिरतो, रांजण फोडतो, आतले पैसे काढतो, आणि घरची बाई म्हणते, आज हवा छान आहे. दुसऱ्यांदा फोडला तरी हवा छानच. राजा सांगतो, तीन दिवसांत जग बुडणार, आणि हा तळ्यावर चार महिने मासे धरत बसतो, तरी जग आपलं थांबलेलं. पाठीवरच्या पिशवीत नव्याण्णव औषधाच्या बाटल्या, अकरा तलवारी आणि सहा चिलखतं. मी वजन काढलं, दोनशे बारा किलो (चिलखतं हलकी धरून).

मग मी व्हिडिओ बघून बघून गेमच्या फायली उघडायला शिकलो आणि दोन वर्षांत सगळी गोष्ट मराठीत नव्याने लिहिली. आता रांजण फोडला तर त्या गावात पुढे कुणी पाणीसुद्धा देत नाही, आणि ती बातमी वीर पोचायच्या आधी पुढच्या गावात पोचते. राजाच्या तीन दिवसांचे तीनच दिवस होतात. सामानाला मी बैलगाडी दिली. (गाडी राक्षसाच्या गुहेत जाईना, म्हणून बाहेर बैल धरायला माणूस घालावा लागला. माणूस आला म्हणजे त्याला तंबाखू आली. तंबाखूत माझे नऊ दिवस गेले.) आणि गेम खेळायला पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरची बटणं जोडली. हिरवं दाबलं की वीर चालतो, लाल दाबलं की थांबतो. उगाच नाजूक काम नाही.

पण खरी करामत वेशीवर आहे. जुन्या गेममध्ये वीर गाव सोडून निघतो तेव्हा त्याला हटकायला चिटपाखरू नसतं. असं कुठं असतं का, दादा? मी वेशीवर एक बाई उभी केली. कुठं निघालात, कधी येणार, डबा घेतला का, हे विचारल्याशिवाय ती सोडत नाही. तिची वाक्यं मनाने लिहिली नाहीत. वर्षभर वही ठेवली आणि शुभांगी जे जे म्हणाली ते वेळेसकट उतरवलं, दुकानात मोटारी आल्या-गेल्याची नोंद ठेवतो तसं. ‘डबा घेतला का’ एका वर्षात सहाशे चौदा वेळा. ती गावाला गेली ते दिवस सोडून.

वाटलं, बघून खूश होईल. शेजारच्या कडूबाईंनाही बोलावलं. पडद्यावर वेस आली, बाई बोलली, आणि कडूबाई हसून हसून खाली बसल्या. म्हणाल्या, अगं बया, ही तर आपली शुभांगी. शुभांगी हसली नाही. रागावलीही नाही, तेच मला विचित्र वाटलं. तिने बाईचं बोलणं शेवटपर्यंत वाचलं आणि मला विचारलं, “आन् ह्यो काय म्हनतो मंग?”

मी सांगितलं, काही नाही. जुन्या गेममध्ये वीर बोलत नसतो, तशी पद्धतच आहे. हिरवं बटण दाबलं की निघतो.

“व्हय,” ती म्हणाली, “ह्या घरातबी तीच पद्धत हाय.”

आणि पिशवी भरून दुपारच्या एसटीने तुमच्याकडे. मला दुकानात कळून मी निघेपर्यंत एसटी गेली होती.

मी म्हटलं, असं काय एवढं झालं? नोंदीत बघू. वही काढली. सवयीने दोन रकाने आखलेले: डावीकडे ती काय म्हणाली, उजवीकडे मी काय म्हणालो. दादा, डावा रकाना एकशे ऐंशी पानं भरलाय. उजवा कोरा. (चौदा ऑगस्टला एकदा ‘हं’ आहे.) बैल धरणाऱ्या माणसाला मी बावीस वाक्यं दिली, बैलालासुद्धा हंबरायचे तीन प्रकार दिले, आणि ज्याचं सोंग मीच घेतो त्याला एक शब्द दिला नाही. दुसऱ्याच्या कामात एवढी मोठी चूक निघती तर मी त्याला मोटारीला हात लावू दिला नसता.

वहिनींना नमस्कार. पट्टा रोज बांधा.

आपला,
सहादेव

ता. क. स्टार्टरला तिसरं, पिवळं बटण जोडलंय. ते दाबलं की वीर बोलणार. ‘डबा घेतला का’ला अकरा उत्तरं लिहून पाहिली. सगळ्यात बरं ‘होय, घेतला, वजन साडेचारशे ग्रॅम’ हे वाटलं होतं, पण कडूबाई म्हणतात, हे पाठवू नका. तर तेवढं शुभांगीला विचारून घ्या, की त्याने काय म्हणावं. पत्राने कळवलं तरी चालेल. समोर येऊन सांगितलं तर मी ते तिच्यासमोरच गेममध्ये घालीन, आणि पहिल्यांदा तोंडाने म्हणून दाखवीन.

ता. क. दुसरा. हे पत्र स्वयंपाकघराच्या दाराशी बसून मोठ्याने वाचावं. तुमचा आवाज लांब जातो.

ता. क. तिसरा (हा आणखी मोठ्याने). मी गेम नेटवर टाकला होता, तो बघून परवा पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला. त्यांना माझी सगळी गोष्ट हवी आहे, बैलगाडीसकट, तंबाखूसकट. अट एकच, वेशीवरची बाई काढायची, ती फार अडवते म्हणे. मी म्हटलं, मग वीर उपाशी जाईल, आणि फोन ठेवला. देत होते पंच्याऐंशी हजार.