पाय टेकला की नापास

४ फेब्रुवारी, बुधवार

नापास! वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आमच्याच इमारतीच्या आवारात, स्वतःच्या नवऱ्याने नापास केलं. कारण — डावा पाय टेकला.

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही. साहेबांना — नवऱ्याला मी लग्नाआधीपासून साहेबच म्हणते — कंपवात होऊन चार वर्षं झाली. हल्ली त्यांचे पाय जमिनीला चिकटतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की झाला पुतळा. काल अकरा मिनिटं उभे होते. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणते, सायकल. धड चालता न येणारी माणसं सायकल चालवताना तिने स्वतः पाहिली आहेत. पण त्यांच्या वेगाने नाही, दुसऱ्याच्या. म्हणजे दोन सीटची सायकल. पुढे दणादण पायडल मारणारं कुणीतरी, मागे हे. पाय आपोआप पळतात आणि नंतर काही तास अंग मोकळं राहतं. सगळ्यांचं नाही, काहींचं — तेही तिने सांगितलं. म्हणाली, "पण वेळ घालवू नका काकू. सहा महिन्यांनी काकांना सीटवर चढवणंच अवघड होईल."

तशी सायकल तिनेच आणून दिली. मी म्हटलं, पुढे मी बसते. लहानपणी चालवायचे की! तर साहेब म्हणाले, लायसन्स आहे का?

सायकलला लायसन्स लागत नाही. पण छत्तीस वर्षं लायसन्स ऑफिसात लोकांच्या परीक्षा घेतलेल्या माणसाला हे कोण सांगणार! यांनी मंत्र्याचा भाचा नापास केला. माझा सख्खा भाऊ दोनदा नापास केला. परीक्षा न दिलेल्या चालकामागे बसणार नाहीत म्हणजे नाहीत. मग काय, परीक्षा. खडूने जमिनीवर मोठा इंग्रजी आठ, त्यावरून न थांबता फेरी. पाय टेकला की नापास. नापास झालं की सात दिवसांनी पुन्हा यायचं. सात म्हणजे सात, सहा चालत नाहीत.

५ फेब्रुवारी

लेकीने फोनवर विचारलं, घरात ठेवायची सायकल पाठवू का, ती जागची हलत नाही. साहेबांचं उत्तर कळवलं: जे हलत नाही ते वाहन नव्हे. लेक म्हणाली, आई, तूच बाबांना डोक्यावर बसवून ठेवलंयस. मी म्हटलं, बाई गं, मागच्या सीटवर बसवायचंय, तेच जमत नाहीये.

८ फेब्रुवारी, रविवार

सराव "भारासह" हवा. रिकामी सीट चालणार नाही, इति साहेब. म्हणून दिवाणावरचा लोड मागच्या सीटवर बांधला. तो घसरायला लागला, मग त्याला साहेबांचा ऑफिसचा जुना शर्ट घातला आणि शर्टाच्या बाह्या माझ्या कमरेला बांधल्या. डोक्याच्या जागी हेल्मेट — तेही नियमात आहे म्हणे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी लांबून हात केला: आज साहेब अगदी खुशीत दिसताहेत!

हसले. मग जिना चढताना रडले. साहेबांचा चेहरा हल्ली हलत नाही. हसतात की रागावतात, मलाही डोळ्यांवरून ओळखावं लागतं. त्यांच्यापुढे लोड हसरा दिसला असेल तर त्या बाईंचं काय चुकलं?

११ फेब्रुवारी

नापास. उजवा पाय.

साहेब शिट्टी वाजवायला गेले, वाजलीच नाही. नुसती हवा. पुन्हा फुंकली, पुन्हा हवा. मी वळून बघितलं आणि तोल गेला. चूक माझीच.

१४ फेब्रुवारी

व्यायामवालीने एक युक्ती सांगितली — समोर रेघ दिसली की यांचा पाय उचलतो. म्हणून उंबऱ्याशी खडूने रेघा मारायच्या. उत्साहाच्या भरात मी आख्खा आठच काढला. साहेब आले, न अडकता उंबरा ओलांडला, आणि आठावरून शिस्तीत पूर्ण फेरी मारून मगच टेबलाशी बसले. चहा गार. रेघ सोडून सरळ यायला काय झालं होतं, विचारलं तर म्हणतात, आखलेलं आहे ना.

असल्या माणसाशी मी लग्न केलं! तेवीस वर्षांची होते. मोपेडच्या परीक्षेला गेले, शेवटच्या वळणावर यांनी शिट्टी मारली. पाय टेकला, नापास. मला काही तसं जाणवलं नव्हतं. सात दिवसांनी भांडायला गेले तर यांनी चहा मागवला. दोन महिन्यांत लग्न झालं आणि परीक्षा राहूनच गेली. आपल्याला तोल नाही हे मनात बसलं ते बसलंच. एकेचाळीस वर्षं मुकाट यांच्या स्कूटरवर मागे बसले.

१८ फेब्रुवारी

नापास. माझे दोन्ही पाय वर होते! पण लोड लटकला, शर्टाची बाही जमिनीला लागली. प्रवाशाने टेकलं तरी चालकच नापास, म्हणे. लोडाला लाथ मारली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

न्हाणीघराच्या दारात सव्वीस मिनिटं. तिथे ओल, खडू उठत नाही. मी धरून उभी. माझेही गुडघे आता साथ देत नाहीत. शेवटी ओरडले, "एकदा खोटं पास करा ना! कुणाचं काय जाणार आहे?"

ते म्हणाले, "खोटं नको." मग आणखी काहीतरी पुटपुटले. त्यांचा आवाज आता इतका बारीक झालाय की ओठांशी कान न्यावा लागतो. नेला. पुन्हा म्हणा, म्हटलं. त्यांनी मान हलवली, काही नाही म्हणून.

भीती वाटते. हा माणूस पायाकडून, आवाजाकडून, अक्षराकडून थोडा थोडा जातोय आणि मी आवारात लोडाला घेऊन फिरतेय.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पास! पास! पास! आठही पूर्ण, लोडही ताठ! खालच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी ऑफिसातल्या जुन्या गठ्ठ्यातला परीक्षेचा फॉर्म भरला. अक्षर मुंगीएवढं, पण आहे: पास.

१ मार्च, रविवार

लोडाची बदली झाली. मागे साहेब! व्यायामवाली शेजारून स्कूटरवर: काकू, वेग वाढवा, अजून, अजून! मागून मंद आवाज — वळणावर हात दाखव. वीस मिनिटं. मी अर्धमेली. घरी आल्यावर साहेब उंबरा ओलांडून सरळ टेबलाशी. आठ न काढता!

४ मार्च

आज उंबऱ्याशी पुन्हा अडकले. चार मिनिटं. अकराची चार झाली तरी मी चालवून घेईन. फॉर्मवर आजचा शेरा चष्म्याशिवाय वाचता आला: "चालक घाई करतो."

८ मार्च, रविवार

तळ्याच्या रस्त्याने पाऊण तास. परतताना मागून आवाज आला. चांगला मोठा, ऑफिसातला.

"तेव्हा तुझा पाय टेकला नव्हता."

पायडल थांबवलं नाही. विचारलं, मग नापास का केलं?

"पास झाली असतीस तर परत कशाला आली असतीस?"

एकेचाळीस वर्षं! घरी आले, त्यांच्या गठ्ठ्यातून कोरा फॉर्म काढला आणि भरला. उमेदवार: साहेब. निकाल: नापास. सात दिवसांनी पुन्हा हजर राहावे. खाली माझी सही.