जोडीचा नंबर

भुईगाव, सोमवार

प्रिय खुशी,

हे पत्र कॅथरिन तुझ्या हातात देईल. तीच, आपल्या कुंपणापलीकडची, जिच्या वाडीतली जास्वंद तू देवाला आणायचीस. तिला चहा दे, पण बसवून घेऊ नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही आणि आत्ता तिने कमी बोललेलं बरं.

तुझा फोन बंद पडलाय ना? रिचार्ज संपला समजून गप्प बसली असशील. रिचार्ज संपलेला नाही. तुझा नंबर अल्पेशच्या फोनमध्ये आहे. लग्नात त्याने जोडीचा नंबर घेतला होता, तुझा नि त्याचा शेवटचा आकडा तेवढा वेगळा. मांडवातल्या बायका म्हणाल्या, पोरीने नशीब काढलं. दोन्ही नंबर त्याच्याच नावावर आहेत हे कोणाच्या डोक्यात येतंय? आपल्याकडे विजेचा मीटर पुरुषाच्या नावावर, गॅस पुरुषाच्या नावावर, तसा बाईचा फोनही. त्याने मनगट मोडलं म्हणून तू ह्या घरातून पळालीस, तेव्हा फोन तुझा म्हणून घेऊन गेलीस. नंबर त्याचाच राहिला.

पापडी गावातल्या एका मोबाईलच्या दुकानात जाऊन त्याने सांगितलं, बायकोचं सिमकार्ड हरवलं. आधार दाखवलं, अंगठा दिला. हल्ली कार्ड लागतच नाही म्हणे, ई-सिम म्हणतात. घरी येऊन ओट्यावर बसला, दुकानातून आणलेला काळ्या ठिपक्यांच्या चौकोनाचा कागद मला धरायला लावला आणि त्याच्यावर फोनचा कॅमेरा रोखला. मला वाटलं, स्वतःसाठी काही करतोय. थोडा वेळ काहीतरी गोल गोल फिरलं आणि तुझा नंबर त्याच्या नंबरच्या शेजारी येऊन बसला. हसला मेला. म्हणाला, आता बघतो कुठे जाते.

मग तो तुझ्यासाठी येणाऱ्या फोनची वाट बघत बसला. मैत्रिणींचे आले ते उचलून नुसता ऐकायचा. शनिवारी तुझ्या दवाखान्यातल्या बाईंचा आला, ड्यूटी बदलली सांगायला. हा अगदी गोड आवाजात म्हणाला, मी तिचा भाऊ, तिचा फोन माझ्याकडे राहिलाय, तिला डबा आणून देतो, पत्ता सांगा. त्या सांगत गेल्या, हा मोठ्याने परत म्हणत गेला आणि मी भाकरी थापता थापता ऐकत गेले. विरार पूर्व, कुठली गल्ली, सुटते कधी. तुझा पत्ता मला असा कळला. फोन ठेवला आणि त्याने केळीचे घड उतरवायचा कोयता काढून दगडावर घासायला घेतला. वाडीत उतरवण्याजोगा एकही घड नव्हता.

तो आंघोळीला गेल्यावर मी तो फोन पाट्यावर ठेवून वरवंट्याने कुटला. काचेचं पीठ झालं तरी कुटतच होते. बाहेर येऊन त्याने बघितलं आणि केसांना धरून मला ओट्यावरून खाली खेचलं. पुढचे दात गेले, कान अजून वाजतोय. तुला मारायचा तसंच मारलं, पोटात, दिसणार नाही अशा जागी. आणि खुशी, उपयोग शून्य झाला. कार्ड असतं तर मोडून चुलीत घातलं असतं. ह्यात मोडायला काही नाहीच. रविवारी दुकानातून पुन्हा कोड घेऊन तोच नंबर दुसऱ्या फोनमध्ये घालून आला, मला मुद्दाम दाखवला. संध्याकाळी ती सुटते तेव्हा जातो म्हणाला, आणि कोयता पिशवीत टाकला.

पिशवी दाराशी ठेवून तो बूट घालायला वाकला. मी कोयता काढून त्याच्या घोट्यामागच्या शिरेवर घातला. एकदा नाही. हाडाला लागेपर्यंत. आई गं म्हणून ओरडला, म्हणजे हाक मलाच मारली त्याने. अंगणभर रक्त. कॅथरिन धावत आली, पायाला टॉवेल आवळला, त्याला रिक्षात घातलं, मग मला म्हणाली, शकू, पानी पी आधी. तो जगलाय. धड चालता येणार नाही म्हणतात. मी रडले, का नाही रडणार, माझ्या पोटचा आहे. सकाळी हॉस्पिटलात पेज घेऊन गेले तर ती त्याने माझ्या तोंडावर उडवली.

पोलिसांना त्याने सांगितलंय की वाडीत हातातला कोयता सटकला. आईने पाय तोडला हे सांगायची लाज वाटते त्याला. मी गप्प बसले तर सुटेन. पण मग तोही सुटेल, आणि कुबड्या घेऊन का होईना, तुझ्या दारात येईल. म्हणून कॅथरिन तुझ्याकडे निघाली की मी पोलीस ठाण्यात जाणार, तुझ्या नंबरापासून कोयत्यापर्यंत सगळं सांगणार. मला आत टाकतील, टाकू देत. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, ऐकलंस की धावत येशील आणि कोयता मीच मारायला सांगितला म्हणशील. तेवढ्यासाठी हे लिहिलं. येऊ नकोस. तुला जबाबाला बोलावतील तेव्हा मनगट दाखव, त्याने केलेलं सगळं सांग, आणि मला वाचवायला एक शब्दही खोटा बोलू नकोस. तो खोटा निघाला तर बाकीचंही कोणी खरं मानणार नाही. अल्पेश सुटून घरी येईल, आणि त्याला अडवायला मी तेव्हा घरात नसेन.

तुझीच,
आई